नोकरी न सोडता देवळापर्यंत: कोकणात मनःशांती शोधणाऱ्या नवख्यांसाठी

हल्ली मुंबई-पुण्याहून बरीच माणसं 'जरा शांती हवी' म्हणत कोकणात उतरतात. चाळिशी उलटलेली, पगार बरा, घराचे हप्ते अर्ध्यावर आलेले आणि तरी रात्री तीनला डोळे टक्क उघडे. ही माणसं समुद्र बघतात, दोन दिवसांत पाच देवळं उरकतात, मासे खातात, सोलकढी पितात आणि रविवारी रात्री हायवेच्या रांगेत अडकून परत जातात. समुद्राचा काही दोष नाही. पण असं आलं-गेलं की हाती दमणूकच लागते, असं माझं मत आहे. पुढचं सगळं त्यांच्यासाठी लिहितोय. ज्यांचं कोकणात घर आहे पण देवळाशी नातं गणपतीच्या पाच दिवसांपुरतंच उरलंय, त्यांच्याही उपयोगी पडेल.

सुरुवात करण्याआधी: राजीनामा लिहू नका

अठराव्या शतकात बांद्याला सोहिरोबानाथ आंबिये गावचं कुलकर्णीपण करत होते. सावंतवाडीच्या दरबाराचं बोलावणं आलं म्हणून निघाले, वाटेत फणस फोडून खायला बसले, तिथे एक नाथपंथी सिद्ध पुरुष भेटला आणि त्यानंतर कुलकर्णीपणात मन रमेना, अशी कथा सांगतात. कथा गोड आहे. ती ऐकून आपल्यालाही लॅपटॉप मिटून निघावंसं वाटतं. पण कथेत न सांगितलेला भाग असा की त्या माणसाच्या आत बरंच काही आधीपासून शिजत असणार. तुमच्या आत काय शिजतंय आणि काय नुसतंच करपतंय, हे कळायला दोन-तीन वर्षं जाऊ द्या. तोवर नोकरी चालू ठेवा. कोकणातली देवळंसुद्धा चाकरमान्याच्या मनिऑर्डरीवरच उभी राहिली आहेत.

पहिली पायरी: एक गाव, एक देऊळ

देवळांची यादी करून फिरणं म्हणजे ऑफिसातलं टार्गेट देवाच्या दारात नेणं. एकच गाव धरा आणि वर्षातून दोनदा-तीनदा तिथेच जा.

गाव निवडताना निसर्ग बघू नका, ओळख बघा. आजोळ असेल, सासर असेल, शाळेतल्या मित्राचं घर असेल, तर तेच गाव. कोणीच नसेल तर जिथे परक्या माणसाला उतरायची सोय आहे अशी ठिकाणं धरा: रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवरचं पावस, कुडाळ तालुक्यातलं माणगाव, किंवा कणकवलीचा भालचंद्र महाराजांचा आश्रम. गणपतीपुळं सुंदरच आहे. सगळा डोंगरच गणपती मानून त्याला घालतात ती सुमारे एक किलोमीटरची प्रदक्षिणा पहाटे एकदा जरूर घाला. पण सुट्टीच्या गर्दीत तिथे तुम्हाला कोणी ओळखणार नाही, आणि पहिली गरज ओळखीचीच आहे.

गावात गेलात की आधी ग्रामदेवता. सिंधुदुर्गात बहुतेक गावांत रवळनाथ, सातेरी, रामेश्वर, भूमिका, वेतोबा यांपैकी कोणीतरी असतं. सातेरी पुष्कळ ठिकाणी वारुळाच्या रूपात पुजली जाते. वेंगुर्ले तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, असं मानतात. ज्याला उपनिषदांतून अध्यात्म कळलंय त्याला पहिल्या भेटीत हे सगळं बाळबोध वाटतं. वाटू द्या. रात्री कोणीतरी आपल्यासाठी चपला झिजवतंय, ही कल्पना निजताना डोक्यात ठेवून बघा.

देवळात गेल्यावर कोणीतरी विचारणारच: "खंयसून इलास? कोणाकडे इलास?" म्हणजे कुठून आलात, कोणाकडे आलात. ही उलटतपासणी नव्हे. तुम्हाला नेमकं कुठल्या खणात ठेवायचं ते समोरचा ठरवतोय. नाव, मूळ गाव, कोणाकडे उतरलोय एवढं सांगा. नोकरी विचारली तर नोकरी सांगा, पण पद कोणी विचारेपर्यंत सांगू नका. फारसं कोणी विचारत नाही, आणि पहिले दोन दिवस हे चक्क टोचतं.

गुरवांशी बोलायचं तर आरतीची वेळ टाळा. दुपारी चारनंतर सभामंडपात थोडी निवांत वेळ असते. 'काका' म्हणा. गाभाऱ्यात कोण जातं, फोटो चालतो का, नारळ कुठे द्यायचा, हे सगळं त्यांनाच विचारा. प्रत्येक गावची रीत वेगळी, त्यामुळे शेजारच्या गावात काय चालतं याचा दाखला देऊ नका.

दुसरी पायरी: केव्हा जायचं

श्रावणात कित्येक गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसतो. भाद्रपदात गणपती, तेव्हा माणसं खूप आणि निवांतपणा शून्य. दसऱ्याला तळकोकणात देवांचे तरंग, म्हणजे वस्त्रांनी सजवलेले देवतांचे खांब, निघतात. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात, रात्रभर दशावतार चालतो. माघात महाशिवरात्र, कुणकेश्वरला तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. फाल्गुनात शिमगा, देवाची पालखी घरोघर.

आषाढात भातलावणी चालू असते. कोकणातला वारकरीही त्यामुळेच आषाढीऐवजी कार्तिकीला किंवा माघीला पंढरपूर गाठतो. तुम्ही आषाढात गेलात तर यजमान घरी सापडणार नाहीत. चिखलात उतरून तरवा (भाताची रोपं) काढायची तयारी असेल तर मात्र जरूर जा, लावणीच्या वाकलेल्या कमरेला वेगळ्या ध्यानाची गरज पडत नाही.

नवख्याने कोजागिरी ते त्रिपुरी पौर्णिमा हा महिना धरावा, असं मी सुचवेन. पाऊस सरलेला असतो, भात कापणीला आलेलं असतं आणि पहाटे देवळात काकडआरती असते. महिनाभर रजा कोणाला मिळते? एक आठवडा काढा. रोज पहाटे उठून, थंड पाण्याने आंघोळ करून, काळोखात टॉर्च घेऊन देवळात जायचं. कंदिलाचे दिवस गेले, टॉर्चने काही बिघडत नाही. पहिले दोन दिवस झोप येते, तिसऱ्या दिवशी चिडचिड होते. चौथ्या दिवशी कोणीतरी हातात टाळ देतं.

तिसरी पायरी: गाऱ्हाणं

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण शहरातल्या माणसाला कोकणाकडून घेण्यासारखं सगळ्यात मोलाचं हेच आहे, असं मला वाटतं.

आपण 'महत्त्वाकांक्षा सोडायची' असं मनाशी ठरवून येतो. सोडायची म्हणजे काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मग ध्यानाला बसलं की प्रमोशन, धाकट्या भावाचा फ्लॅट, मुलाचे मार्क हेच डोळ्यांपुढे नाचतं, आणि वर त्याची लाजही वाटते. गाऱ्हाण्यात ही लाज ठेवायला जागाच नाही. तुम्ही देवापुढे नारळ ठेवता. गुरव किंवा गावचा मानकरी हात जोडून मोठ्याने देवाला हाक घालतो आणि भोवतीची माणसं प्रत्येक वाक्याला होकार भरतात. साधारण असं:

"बा देवा रवळनाथा, आज ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"त्येच्या नोकरी-धंद्यात जी काय अडचण आसात, ती दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि खय वाकड्या वाटेन जात आसात, तर सरळ वाटेक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तुमची जी इच्छा इतके दिवस छातीत कोंडली होती, ती चार अनोळखी माणसांसमोर भर देवळात बोलली जाते. कोणी हसत नाही. कोणी 'षड्रिपू जिंका' असं सांगत नाही. तुमच्या आधीच्या माणसाने म्हशीसाठी नारळ ठेवलेला असतो, नंतरच्याने जमिनीच्या दाव्यासाठी. त्या रांगेत तुमचं व्हाइस प्रेसिडेंटपद म्हशीच्या बरोबरीने उभं राहतं, आणि मग त्याचा आकार आपोआप जागेवर येतो.

कसं करायचं ते सांगतो. आदल्या दिवशी गुरवांना विचारून ठेवा, आयत्या वेळी घाई नको. नारळ, विडा, सुपारी, अगरबत्ती एवढं पुरतं. दक्षिणा किती ते गावातल्या माणसाला विचारा आणि तेवढीच द्या. जास्त दिलीत तर पुढच्या वेळी तुम्ही 'मुंबईवाले साहेब' होऊन बसता आणि सगळं मुसळ केरात जातं. काय मागायचं ते आधी मनाशी एका वाक्यात बसवा, तेच कठीण आहे. 'सुख-समृद्धी' वगैरे नको. नेमकं काय हवंय? वरिष्ठाची खुर्ची? वडिलांशी बोलणं पुन्हा सुरू व्हावं? की नुसती झोप? अनेकांना इथेच पहिल्यांदा कळतं की आपण ज्याच्यामागे धावतोय ते या वाक्यात येतच नाही.

एकदा घातलेलं गाऱ्हाणं रोज उगाळायचं नाही. ती गोष्ट आता देवाच्या वहीत गेली. पुढे पुरी झाली तर नवस फेडा, नाही झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा सांगा.

चौथी पायरी: काम मागा

गाऱ्हाण्याने मन हलकं होतं, पण नुसत्या हलक्या मनाचा माणूस गावाचा होत नाही. त्यासाठी हाताला काम लागतं. 'मी काही मदत करू का?' असं विचारलंत तर 'नको, तुम्ही बसा' हेच उत्तर येणार. पाहुण्याला कोण राबवणार? म्हणून काम नाव घेऊन मागा: "काका, उद्या सकाळी मंडप मी झाडतो." समया घासणं, विहिरीचं पाणी आणणं, तोरणाला आंब्याची पानं ओवणं, प्रसादाच्या नारळाची सोडणं, म्हणजे बाहेरची साल, सोलणं. आलेल्या पाहुण्याला सोडण सोलता येत नाही हे बघून पोरं हसतील. हसू द्या, कोयती मात्र जपून.

सप्ताहाच्या वेळी गावात असाल तर पहारा मागा. सात दिवस नाम थांबू द्यायचं नसतं, त्यामुळे वाडीवाडीला आणि घराघराला वेळा वाटून दिलेल्या असतात. जिथे वीणा असते तिथे ती खाली ठेवत नाहीत. एकाच्या गळ्यातून थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, मग वयाने कोण मोठा ते बघत नाहीत. संध्याकाळच्या पहाऱ्याला सगळी हजर. मध्यरात्रीनंतर दोन ते चारच्या पहाऱ्याला माणसं कमी पडतात, तो तुम्ही घ्या. तुम्हाला त्या वेळी जाग येतेच!

त्या पहाऱ्यात बाहेर पावसाची झड, आत पाच-सात माणसं, त्यातले दोघे पेंगलेले, आणि टाळ चालू. अनुभव-बिनुभव येईल या आशेने उभे राहू नका. पाय दुखतात, चहाची आठवण येते, घड्याळाकडे लक्ष जातं. पण तुम्ही थांबलात तर नाम थांबेल, एवढी एक गोष्ट खरी असते. ऑफिसात आपल्यावाचून अडेल असं आपल्याला कायम वाटतं आणि अडत काहीच नाही. इथे दोन तास खरोखर अडतं, आणि त्याबद्दल तुमचं नाव कुठे लागत नाही.

पाचवी पायरी: टाळ

पेटीला किंवा पखवाजाला हात लावू नका, ते बुवांचं आणि मृदंगमण्यांचं राज्य. टाळ घ्या आणि मागच्या ओळीत बसा. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, शेजारच्याच्या हाताकडे बघत दोन अभंगांत सापडतो. नाही सापडला तर गजरात सगळ्यांचाच आवाज इतका चढतो की तुमची चूक कोणाला ऐकू येत नाही. डबलबारीला जरूर जा, पण करमणूक म्हणून. दोन बुवा एकमेकांवर कुरघोडी करतात ती बघायला मजा येते, शांतीचा त्याच्याशी संबंध नाही.

सहावी पायरी: मग एकट्याने बसा

ही पायरी मुद्दाम इतकी खाली ठेवली आहे. एकदम एकांतात जाऊन बसणारा माणूस बहुधा स्वतःच्या कटकटीसोबतच बसतो.

पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधीमंदिर आहे. १९०३ साली जन्मलेले स्वामी तरुणपणी स्वातंत्र्यलढ्यात होते, तुरुंगातही गेले. पुढे मोठं आजारपण आलं, आणि त्यानंतर १९७४ पर्यंतची चाळीसएक वर्षं त्यांनी पावसलाच 'अनंत निवास' या घरात काढली. आश्रम उभारला नाही, दौरे केले नाहीत. नाथपरंपरेतली सोऽहम् साधना ते येणाऱ्याला सांगत. श्वास आत जाताना 'सो', बाहेर येताना 'हम्', बाकी काही नाही. समाधीमंदिरात भिंतीशी टेकून पंधरा-वीस मिनिटं हे करून बघा. रीतसर अनुग्रहाची घाई नको. 'अनंत निवास'ही बघून या. एवढ्याशा जागेत माणसाचं किती भागतं ते तिथे समजतं.

माणगाव हे टेंबे स्वामींचं, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींचं जन्मगाव. जन्म १८५४ चा. त्यांनी माणगावात दत्तमंदिर उभं केलं, आणि ते नावारूपाला येत असताना ते सोडून बाहेर पडले. पुढे आयुष्यभर भारतभर पायी फिरले. स्वतः उभारलेली गोष्ट ऐन भरात असताना सोडणं, हे धंदा-व्यवसाय करणाऱ्यांनी माणगावच्या ओसरीवर बसून जरा विचारात घ्यावं.

देवळाचं वातावरण मानवत नसेल तर दापोलीजवळच्या पन्हाळेकाजीला जा. नदीकाठी २९ लेणी आहेत, बौद्धांपासून नाथपंथीयांपर्यंत वेगवेगळ्या काळातल्या साधकांनी वापरलेली. सकाळी लवकर गेलात तर बहुधा तुम्ही एकटेच. पावसाळ्यात दगड निसरडे होतात आणि पाणी चढतं, तेव्हा टाळा.

एकांताची आणखी एक तऱ्हा, ही अख्ख्या गावाची. मालवण तालुक्यातल्या आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाची संमती, घेऊन सगळं गाव गुराढोरांसकट, कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर पडतं, तीन दिवस तीन रात्री झोपड्या बांधून राहतं आणि पुन्हा कौल मिळाला की परततं. घरं तशीच टाकून. बघ्यांनी गर्दी करावी असा हा सोहळा नाही, पण ओळखीच्या घराने बोलावलं तर सोडू नका.

सातवी पायरी: डोळे उघडे ठेवा

गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाच्या रीतीभातीत, सगळं गोजिरवाणं नाही. मान कोणाचा, पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून भावकीत पिढ्यान्पिढ्या अबोला असतो आणि दावे कोर्टात जातात. जातीची उतरंड देवळाच्या पायऱ्यांवर अजून दिसते, बायकांना कुठे मज्जाव आहे तेही दिसेल. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी बांधलेलं आणि सावरकरांच्या पुढाकाराने १९३१ साली सर्व जातींना खुलं झालेलं पतितपावन मंदिर आहे, तिथेही एकदा जाऊन या. कुठल्या परिस्थितीत ते बांधावं लागलं, हे कोकणच्या अध्यात्माबद्दल बोलताना विसरून चालणार नाही. पाहुणे म्हणून तुम्ही गावच्या वादात कोणाची बाजू घेऊ नका, पण एखाद्या देवळात माणसाला जातीवरून बाहेर ठेवतात असं दिसलं तर ते देऊळ सोडून द्या. दुसरी पुष्कळ आहेत.

कौल लावताना बघा, त्यातली शिस्त न्याहाळा. मात्र नोकरी बदलू का, घटस्फोट घेऊ का, असले निर्णय कौलावर टाकू नका. 'तुमच्यावर कोणीतरी करणी केली आहे, अमुक हजार लागतील' म्हणणारा भेटला तर तिथून उठा. २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि अशी फसवणूक त्यात गुन्हा आहे.

झोप महिनोन्महिने येत नसेल, जगणंच नकोसं होत असेल, तर ते आध्यात्मिक तहानेचं लक्षण समजून बसू नका. आधी डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट मिळते, मराठीतही बोलता येतं. औषध चालू ठेवून काकडआरतीला जाता येतं.

आठवी पायरी: परत गेल्यावर

बहुतेक गावांचं मुंबईत एक मंडळ असतं. पूर्वी लालबाग-परळच्या चाळीतल्या खोलीत बैठक व्हायची, आता डोंबिवली-विरारलाही होते आणि व्हॉट्सअॅपवर तर रोजच. वर्गणी भरा, पावती घ्या, भजनाच्या सरावाला जाऊन बसा. दोन-तीन वर्षांनी कोणीतरी म्हणेल, "साहेब, तुम्ही शिकलेले, जीर्णोद्धार समितीत या, सेक्रेटरी व्हा." इथे जपा. आपण ज्यातून दमून बाहेर पडलो तेच इथे भगवी शाल घेऊन परत येतं: बैठका, गट, फलकावर कोणाचं नाव आधी. हिशेब लिहायला माणूस हवा असेल तर हिशेब लिहा, खुर्ची दुसऱ्याला द्या.

रोजच्यासाठी एक ठरावीक वेळ धरा, दहा मिनिटं पुरेत. लोकलमध्ये हरिपाठ म्हणणारे डबे आहेत, त्यात घुसलात तर घरून वेळ काढावाही लागणार नाही.

आणि गाव सोडण्यापूर्वी गुरवांकडून पुढच्या सप्ताहाची तिथी विचारून कॅलेंडरवर लिहून आणा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, आणि श्रावण-भाद्रपदात कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. तिकीट नाही मिळालं तर रातराणी एसटी आहे. पाठ दुखते, पण पहाटे गावच्या फाट्यावर उतरवते.